गाडी चुरगळते, माणूस वाचतो

धडकेत नव्या गाडीचं नाक चेपलं, की जुन्या जाड पत्र्याच्या गाड्यांची आठवण निघतेच. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावचा चहाचा टपरा असो की पुण्यातलं गॅरेज, हल्लीच्या गाड्या म्हणजे नुसते डबे, हे मत सगळीकडे सारखंच. पण तो पत्रा चेपला जावा, अशीच त्याची रचना असते. ती सुचली बेला बारेनी या अभियंत्याला.

व्हिएन्नाजवळच्या हिर्टेनबर्गमध्ये १ मार्च १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. घर कारखानदारांचं. वडील पहिल्या महायुद्धात गेले आणि घरची सुबत्ता ओसरली. व्हिएन्नात तंत्रशिक्षण घेताना, १९२५ च्या सुमारास, त्यांनी सामान्यांसाठी एका छोट्या गाडीचा आराखडा काढला. इंजिन मागे, हवेने थंड होणारं, सिलिंडर समोरासमोर आडवे. पुढे फोक्सवॅगनची बीटल याच मांडणीची निघाली. बारेनींना श्रेयासाठी न्यायालयात जावं लागलं. १९५० च्या दशकात ते त्यांना मिळालं.

१९३९ मध्ये ते डायमलर-बेंझमध्ये दाखल झाले. मर्सिडीजच्या गाड्यांत जवळजवळ सगळंच चुकीचं आहे, असं मुलाखतीत तोंडावर सांगून त्यांनी ही नोकरी मिळवली, असं म्हणतात.

त्या काळी मजबूत गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, अशी अभियंत्यांचीही समजूत होती. बारेनींनी विचार केला तो आतल्या माणसाचा. गाडी थांबली तरी शरीर पुढेच जात असतं. शरीर थांबलं तरी मेंदू कवटीवर आपटतो, छातीतली महाधमनी ताणली जाते, कधी फाटतेही. म्हणून प्रश्न आहे तो किती अंतरात थांबतो याचा. ताशी ५० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळलेली गाडी १० सेंटिमीटरच दबून थांबली, तर पट्टा लावलेल्या प्रवाशाला सरासरी त्याच्या वजनाच्या सुमारे १०० पट झटका बसतो. तीच ६० सेंटिमीटर दबली तर सुमारे १६ पट. पहिल्यात वाचणं कठीण. दुसऱ्यात माणूस बरगड्या दुखावून का होईना, बाहेर येऊ शकतो.

जानेवारी १९५१ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. माणसं बसतात तो मधला भाग ताठ, पुढचा-मागचा भाग ठरवून कमकुवत. १९५९ मध्ये मर्सिडीजची अशी पहिली गाडी बाजारात आली. धडकेत चालकाच्या छातीत घुसणारा स्टीअरिंगचा दांडा निरुपद्रवी करण्यावरही बारेनींनी बरीच वर्षं घालवली.

१९७२ च्या अखेरीस ते निवृत्त झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, मर्सिडीज १९० आली. ही आटोपशीर सेदान, म्हणजे दबायला नाकही आखूडच. इथे जास्त ताकदीचं पण हलकं पोलाद कामी आलं. मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्यांचं सस्पेन्शन होतं. जुन्या गाड्यांचे शौकीन आजही तिच्यावर जीव टाकतात तो यासाठी. १९९३ पर्यंत अशा सुमारे १९ लाख गाड्या बनल्या.

अडीच हजारांहून अधिक पेटंट नावावर असलेल्या बारेनींचं ३० मे १९९७ रोजी जर्मनीत ब्योब्लिंगेन इथे निधन झालं. भारतात २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवतात. नाकाचा चुराडा होतोच. परीक्षक बघतात ते मधली चौकट शाबूत राहिली का आणि पुतळ्याच्या डोक्याला, छातीला किती मार बसला.