घराण्याची कथा आणि कागदाची साक्ष
इतिहासाचार्य वि. का. राजवाडे

धुळ्याची पांझरा तापीला मिळते आणि तापी सुरतेवरून समुद्राला जाते. गोडादरा परिसरात स्थिरावलेली अनेक खानदेशी कुटुंबे जणू याच प्रवाहाबरोबर खाली आली. येताना त्यांनी संसाराबरोबर आपल्या मूळ पुरुषाची कथाही आणली. कोणाचा पूर्वज पानिपतावर पडलेला, तर कोणाला पराक्रमाबद्दल गाव इनाम मिळालेले. अशा कथांत इतिहास किती आणि अभिमान किती, हे पारखण्याची शिस्त ज्यांनी महाराष्ट्राला लावली, त्या विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा देह धुळ्यातच विसावला.

राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून ते बी. ए. झाले. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. जुन्या कागदांचा शोध हाच त्यांचा संसार झाला. त्या काळी मराठ्यांच्या इतिहासाचा मोठा आधार म्हणजे बखरी. त्यांतील पुष्कळशा घटना घडून गेल्यावर बऱ्याच काळाने, ऐकीव माहितीवरून आणि अनेकदा धन्याच्या संतोषासाठी लिहिलेल्या. १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील अस्सल पत्रे होती. ही पत्रे बखरींशेजारी ठेवताच तिथी, नावे आणि घटनाक्रम यांतील चुका उघड्या पडल्या. पुढे या मालेचे बावीस खंड झाले.

हे कागद सहजासहजी हाती लागत नसत. ते वाड्यांच्या माळ्यावर, रुमालांत बांधलेले, वाळवीच्या तोंडी पडलेले असत. वतनाचा तंटा उपस्थित होईल या भीतीने मालक ते दाखवावयास कचरत. राजवाडे गावोगाव पायपीट करीत, आर्जवे करीत आणि मिळेल ते उतरून घेत. पण जुना दिसतो म्हणून कागद खरा, असे मानणेही धोक्याचे होते. वतनासाठी बनावट कागद करणारे पूर्वीही होतेच. म्हणून अक्षराचे वळण, शिक्का, तिथी-वाराचा मेळ आणि अन्य पत्रांतील उल्लेख यांवरून साक्ष पारखावी लागे. हे काम एकट्याचे नव्हे, हे जाणून १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला.

दंतकथा मात्र त्यांनी टाकाऊ मानली नाही. १९२४ साली त्यांनी संपादिलेली ‘महिकावतीची बखर’ उत्तर कोकणातील कुळे, गोत्रे आणि वंश यांच्या हकिकतींनी भरलेली आहे. तिची सहा प्रकरणे निरनिराळ्या काळांतील असून सर्वांत जुना भाग शके १३७०, म्हणजे १४४८ सालचा, हे त्यांनी दाखवून दिले. कोणता थर केव्हाचा हे कळल्यावर त्याच बखरीतून लोकांच्या वसाहतीचा इतिहास उलगडू लागला.

राजवाड्यांनी लावलेली कसोटी त्यांनाही चुकली नाही. १९०९ साली त्यांनी एका जुन्या पोथीवरून ‘ज्ञानेश्वरी’ छापली आणि ती एकनाथपूर्व असल्याचे मत मांडले. पुढील अभ्यासकांनी त्यावर शंका घेतल्या; परंतु मूळ पोथीच पडताळणीसाठी उपलब्ध राहिली नाही. कागदाच्या बळावर बखरींना जाब विचारणाऱ्या संशोधकाच्या बाबतीत कागदाची उणीव राहावी, ही चुटपुट लावणारी गोष्ट होय. साधन सापडणे जितके मोलाचे, तितकेच ते इतरांना तपासता येईल असे जतन होणेही मोलाचे असते.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे राजवाडे निवर्तले. त्यांच्या संग्रहाच्या रक्षणासाठी लगेच पुढच्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले.

स्थलांतराने गाव सुटते, घर विकले जाते, आणि कथा सांगणारी पिढीही एक दिवस मावळते. मग उरतात त्या जुन्या सनदा, खरेदीखते, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. आजीची कथा आदराने लिहून ठेवावी, तिच्याशेजारी हे कागद मांडावेत, आणि दोहोंत जुळेल तेवढ्यालाच इतिहास म्हणावे. उरलेली कथा खोटी ठरतेच असे नाही. ती साक्षीची वाट पाहत असते. ती साक्ष वाळवीच्या आधी वाचकाच्या हाती पडावी, याचसाठी ग्रंथालयांची कपाटे असतात.