कावसजीचं नवं नाक

पेपरला केटी लागली की घरी ठरलेला डायलॉग ऐकू येतो, ‘आमचं नाक कापलंस!’ पण खरोखर नाक कापलं गेलेला आणि ते परत मिळवलेला एक माणूस आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. त्याचं नाव कावसजी. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासाच्या पुस्तकांत तुम्हाला त्याचं चित्र सापडेल.

कावसजी मराठा शेतकरी. इंग्रजांच्या फौजेत तो बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापण्यात आला. पुढे त्याला कंपनीची पेन्शन मिळाली, पण वर्षाहून जास्त काळ तो नाकाशिवायच जगला. विचार करा, समोरच्याची नजर रोज कशी झेलली असेल त्याने?

मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवं नाक दिलं. हा माणूस विटा घडवणाऱ्या कुंभार समाजातला. आधी त्याने मेणाचं नाक बनवलं. ते सपाट करून कपाळावर ठेवलं आणि भोवती रेघ आखली. तेवढी कातडी सोडवली, पण दोन भुवयांमधली एक पट्टी तशीच जोडलेली ठेवली. कारण काय, तर रक्तपुरवठा चालू राहायला हवा! कातडी वळवून खाली आणली, जुन्या जखमेच्या कडा ताज्या करून त्यात बसवली. वर काताचा लेप लावलेल्या कापडी पट्ट्या. हो, तोच विड्याचा कात, आपल्या आटगाव-शहापूरच्या रानातल्या खैराचा! तो बनवणारे म्हणूनच कातकरी हे नाव पडलं. चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड, दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यात मऊ बोळे आणि साधारण पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापली. झालं नाक तयार!

जानेवारी १७९४ मध्ये जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचं चित्र काढलं. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही हकिकत छापली. पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने लंडनमध्ये हीच पद्धत वापरली. कपाळाच्या कातडीने नाक घडवणं आजही चालू आहे. त्या मासिकात कावसजीचं नाव आहे, कुंभाराचं मात्र नाही. श्रेय कुणाच्या नावावर जमा होतं, यावर कधी कट्ट्यावर बोलून बघा.

आपलं नाक कापलं जात नाही, पण मोडतं. क्रिकेटचा बॉल, बाइकवरून पडणं, कबड्डीतला कोपर. अशा वेळी डोकं मागे टाकू नका. पुढे झुका, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा, कापडात गुंडाळून बर्फ लावा. स्वतः सरळ करायला जाऊ नका. आतल्या पडद्यात रक्त साचलं तर कूर्चा सडून नाक बसतं. नाकातून पाण्यासारखा द्रव आला, तर तडक हॉस्पिटल गाठा. वाकडं झालेलं हाड साधारण दोन आठवड्यांच्या आत बसवलेलं बरं. कावसजीला वर्षभर थांबावं लागलं. तुम्ही थांबू नका.