इंजिनाची टकटक ऐकणारा माणूस

चढावर टॉप गिअरमध्येच बाइक दामटली की इंजिनातून टकटक आवाज येतो, ऐकलाय ना? मागच्या महिन्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात बाबांच्या जुन्या बाइकने मला तो भरपूर ऐकवला. गॅरेजवाल्या काकांनी एका शब्दात निदान केलं, ‘नॉकिंग’. हे नक्की असतं काय, हे शोधता शोधता मी सर हॅरी रिकार्डो यांच्यापर्यंत पोचले.

हॅरी यांचा जन्म २६ जानेवारी १८८५ चा, लंडनचा. वडील हॅल्सी आर्किटेक्ट होते. हावडा स्टेशनची लाल विटांची इमारत त्यांनीच डिझाइन केलेली! आईचे वडील अलेक्झांडर रेंडेल नामवंत सिव्हिल इंजिनीअर. त्यामुळे नकाशे आणि यंत्रं घरातच होती.

१९०३ मध्ये हॅरी केंब्रिजला गेले. पुढच्याच वर्षी तिथल्या ऑटोमोबाइल क्लबने स्पर्धा ठेवली. जेमतेम १.१ लिटर पेट्रोलमध्ये कोण सर्वांत लांब जातो, ते बघायचं. हॅरी यांची स्वतः बनवलेली मोटरसायकल चांगलीच जड होती, तरी ती ६४ किलोमीटर गेली आणि जिंकली. ते पाहून प्रोफेसर बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी या पोराला इंजिनांच्या संशोधनात ओढलं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांच्या धुरामुळे शत्रूला त्यांचा ठावठिकाणा लागायचा. हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर चालेल आणि धूर ओकणार नाही असं १५० हॉर्सपॉवरचं इंजिन रिकार्डोंनी तयार केलं. युद्धानंतर शोरहॅम गावात त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिथे टकटकीचा खरा तपास सुरू झाला.

तेव्हा अनेकांना वाटायचं, स्पार्क पडण्याआधीच पेट्रोल पेटतं म्हणून नॉकिंग होतं. रिकार्डोंनी दाखवलं की गडबड स्पार्कनंतर होते. ज्योत सिलिंडरमध्ये पसरते, तेव्हा तिच्या पुढ्यात उरलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं आणि ज्योत पोचायच्या आत एकदम आपणहून भडकतं. त्या धक्क्याने दाबाच्या लाटा उसळतात. आपल्याला ऐकू येते ती हीच टकटक.

मग त्यांनी चालू असतानाच कॉम्प्रेशन कमीजास्त करता येईल असं इंजिन बनवलं. टकटक सुरू होईपर्यंत कॉम्प्रेशन वाढवत न्यायचं. कुठलं पेट्रोल किती तग धरतं, ते कळायचं. आजच्या ऑक्टेन नंबरच्या आधीची ही मोजणी. टॉल्यूइन हा घटक नॉकिंग चांगलं रोखतो, हेही त्यातून दिसलं.

मला सर्वांत भारी वाटला तो सायलेन्सरमधून जाणाऱ्या वायूचा प्रयोग. सिलिंडरमध्ये मागे राहिलेला गरम एक्झॉस्ट नव्या मिश्रणाला तापवतो, म्हणजे नॉकिंगला मदतच करतो. पण तोच वायू थंड करून पुन्हा आत सोडला, तर टकटक कमी होते! कारण त्यातले नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ पुन्हा जळत नाहीत. ते फक्त उष्णता शोषून घेतात आणि आग थंडावते. शत्रू आणि मित्र एकच, फरक तापमानाचा. अर्थात, याची किंमत होती. हा वायू हवेची जागा खातो, त्यामुळे ताकद घटते.

त्याच सुमारास, १९२१ मध्ये, अमेरिकेत थॉमस मिजली यांना शिशाचं संयुग सापडलं. पेट्रोलमध्ये चिमूटभर टाकलं की नॉकिंग बंद. स्वस्त, सोपं. जगाने तोच रस्ता धरला आणि कित्येक दशकं ते विषारी शिसं एक्झॉस्टमधून लोकांच्या श्वासात जात राहिलं. आपल्याकडे शिसंवालं पेट्रोल थेट २००० साली बंद झालं.

रिकार्डोंना १९४८ मध्ये ‘सर’ किताब मिळाला. १८ मे १९७४ रोजी, ८९ व्या वर्षी ते गेले. आज अनेक हायब्रिड गाड्यांत थंड केलेला एक्झॉस्ट पुन्हा सिलिंडरमध्ये घेतात. त्यातला थोडासा नायट्रिक ऑक्साइड मात्र उलट नॉकिंग वाढवू शकतो, हेही आता कळलंय. म्हणजे तपास अजून संपलेला नाही.

मिजलींच्या उपायाने टकटक लगेच गप्प झाली. रिकार्डोंनी ती का होते, हे आधी विचारलं. परीक्षा असो की करिअर, आपल्यालाही पटकन गप्प करणारे उपायच आवडतात. म्हणून हा माणूस मला जवळचा वाटला.

आणि हो, घाटात आता मी वेळेवर गिअर उतरवते!