गाडगेबाबांचं छप्पर

मी नर्स आहे. अकोला-अमरावतीच्या खेड्यांत कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या घरी जाते. रोग बरा होणार नसला, तरी दुखणं कमी करायचं, घरच्यांना धीर द्यायचा, याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. हे काम करताना मला सारखे आठवतात ते आपले गाडगेबाबा.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला माहेरी आली. तिथं डेबूजीनं गुरं राखली, शेती केली. घरच्या बारशाला रीतीप्रमाणं बकरं अन् दारू करायची त्यानं साफ नाकारली, गोडाचं जेवण वाढलं.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. हाती खराटा अन् मातीचं गाडगं. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनातून नवस, पशुबळी, दारू, कर्ज यांवर प्रहार करायचा. आजही कित्येक घरांत गंडेदोऱ्यात महिने जातात. आम्हाला बोलावणं येतं तेव्हा दुखणं हाताबाहेर गेलेलं असतं.

पंढरपूर, नाशिक, आळंदीला बाबांनी धर्मशाळा बांधल्या. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळही बांधली. गावाकडून रुग्ण घेऊन आलेल्यांनी राहायचं कुठं, खायचं काय, हे त्या न शिकलेल्या माणसानं ओळखलं. त्यांच्या मागं, १९८०च्या दशकात, दादरलाही त्यांच्या नावाची धर्मशाळा झाली. टाटा हॉस्पिटलात येणारे कॅन्सरचे रुग्ण अन् नातेवाईक तिथं उतरतात. आपल्या वऱ्हाडातून रात्रीची गाडी धरून जाणाऱ्यांना त्या छपराची किंमत विचारा.

गावी परतल्यावर मात्र खरी परीक्षा. तीव्र दुखण्यावर मॉर्फिन लागतं. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानं ते मिळणं अवघड झालं. २०१४ च्या दुरुस्तीनं वाट सोपी केली, तरी सवय लागेल या भीतीनं घरचेच गोळी देत नाहीत. नीट मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीत दिली, तर ती भीती बाळगायचं कारण नाही. दुसरी अडचण म्हणजे लपवाछपवी. रुग्णाला काही सांगू नका म्हणून मला दारातच अडवतात. आत रुग्णाला सगळं कळलेलं असतं, फक्त बोलायला कोणी नसतं. अन् रात्र-रात्र जागणाऱ्या सुनेची, लेकीची विचारपूस तर कोणीच करत नाही.

२० डिसेंबर १९५६ ला आजारी बाबांना अमरावतीला नेत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. ज्यानं हजारोंना छप्पर दिलं, त्याचा शेवट रस्त्यात झाला. आजही शेवटच्या घटकेला घाबरून गाडी करतात, अन् माणूस वाटेतच जातो. दुखणं कसं थांबवायचं, शेवटी कुठं राहायचं, हे आधीच रुग्णाला अन् डॉक्टरांना विचारून ठरवा. अन् शेजारी असं घर असेल, तर डबा घेऊन जा. त्या सुनेला दोन तास झोपू द्या.