सुभेदार रामजी व त्यांचे चिरंजीव

मुलाने लष्करी शिक्षणाचे नाव काढावे आणि घरातील वडील माणसांच्या कपाळास आठ्या पडाव्या, हा प्रकार आमच्या नांदगाव खंडेश्वराच्या पंचक्रोशीत नवा नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या प्रवेशपत्रावर पालकाची सही लागते, आणि ती मिळेपर्यंत कित्येक घरी दोन दोन दिवस अबोला असतो. अशा घरांसाठी आम्ही डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या चरित्रातील एक भाग येथे सांगतो.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. त्यांचे वडील रामजी हे पलटणीत सुभेदार असून लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. पुढे सरकारने महार जातीची सैन्यभरती बंद केली, तेव्हा ज्या घराण्यांस तलवारीने मान मिळवून दिला होता, त्यांचा तो मार्ग खुंटला. रामजींनी मग पुत्राच्या विद्येवर सर्व भार टाकिला. मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत संसार, तरी ते उसनवारी करून मुलास पुस्तके आणून देत, व पहाटेपूर्वी उठवून अभ्यासास बसवीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी बी. ए. ची परीक्षाही दिली.

१९१३ च्या जानेवारीत बडोदे संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंटची जागा त्यांस मिळाली. स्वतः शिपाईबाण्याचा बाप, पण पुत्राने बडोद्यास जावे हे त्यास रुचेना. पुत्राचे म्हणणे असे की, ज्या महाराजांच्या अन्नावर आपण शिकलो, त्यांची सेवा करणे हे आपले कर्तव्य होय. पित्याचे मन वळले नाही. तरी भीमराव गेले.

थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतीच्या वाटेवर सुरतेस ते वडिलांसाठी मिठाई घेण्यास उतरले आणि गाडी चुकली. मुंबईस पोहोचण्यास दुसरा दिवस उजाडला. पित्याचे डोळे त्यांचीच वाट पाहत होते. पुत्राच्या पाठीवरून हात फिरवून रामजींनी २ फेब्रुवारी १९१३ रोजी देह ठेविला.

त्याच वर्षी भीमराव महाराजांच्या साह्याने अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली ते महाराजांचे लष्करी चिटणीस म्हणून बडोद्यास परतले, तो तेथे अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना. एका विश्रामगृहात नाव बदलून राहिले, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांस बाहेर काढिले. पित्याची नाराजी निराधार नव्हती, हे त्या दिवशी दिसून आले.

पण पुत्राची निष्ठाही व्यर्थ गेली नाही. १९२७ च्या नोव्हेंबरात आमच्या अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आपल्या तरुणांस सैन्यात जाण्याचा आग्रह धरिला, आणि १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली. बापाच्या पिढीस बंद झालेले दार पुत्राच्या हयातीत पुन्हा उघडले. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवून ६ डिसेंबर १९५६ रोजी ते दिल्लीस निवर्तले.

मातापित्यांचा मान राखावा ही आज्ञा आमच्या शाळेत प्रत्येक मुलास पाठ असते. मान राखणे म्हणजे मुकाट्याने ऐकणे एवढाच अर्थ आम्ही करीत नाही; आपले कारण नम्रपणे आणि खरेपणाने त्यांच्यापुढे मांडणे, हाही मानच होय. पालकांसही आमची विनंती आहे की, नकार देण्यापूर्वी मुलाचे कारण ऐकून घ्यावे आणि आपली काळजी त्यास उघड सांगावी. मनातील गोष्ट बोलण्यास दोघांनाही वेळ मिळतोच असे नाही. सुरतेस चुकलेली गाडी हेच आम्हांस सांगते.