हबवरचे नाव : हेन्री स्टर्मी

पावसाळा सुरू झाला की आमच्या सायकल स्टँडवर एक दृश्य हमखास दिसते. सातवी-आठवीतला कोणी मुलगा गिअरच्या सायकलीजवळ उकिडवा बसलेला असतो, चेन उतरलेली असते, बोटे काळी झालेली असतात आणि प्रार्थनेची घंटा होऊन गेलेली असते. उशिराची नोंद करताना आम्ही रागावतो खरे, पण चूक सगळी त्याची नसते. आजच्या बहुतेक गिअरच्या सायकलींत चेनच एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर ढकलली जाते. चिखल, धूळ, एखादा खड्डा, आणि तिची जागा चुकते.

गिअरची आणखी एक जात आहे. तिच्यात चेन जागची हलत नाही. सगळी दातेरी चाके मागच्या चाकाच्या हबमध्ये, तेलात, बंद असतात. अशा असंख्य हबांवर शंभराहून अधिक वर्षे दोन आडनावे कोरली जात आहेत, स्टर्मी आणि आर्चर. यांपैकी स्टर्मी हे मुळात शाळेत शिकवणारे गुरुजी होते, हे वाचनात आले तेव्हाच या अंकात त्यांचे चरित्र द्यायचे आम्ही ठरवले. दुसऱ्या नावाची गोष्ट निराळीच आहे. तीही ओघात येईल.

हेन्री स्टर्मी यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८५७ रोजी इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या नॉर्टन-सब-हॅमडन या खेड्यात झाला. तरुणपणी ते दक्षिण किनाऱ्यावरील वेमथ या गावी एका शाळेत शिक्षक होते. त्या काळी सायकल म्हणजे पुढे भले मोठे चाक आणि मागे छोटेसे चाक. पेडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले, चेन नाहीच. पेडलची एक फेरी झाली की चाकाचीही एकच फेरी. म्हणजे वेग हवा असेल तर चाकच मोठे पाहिजे, आणि चाक किती मोठे घ्यायचे ते स्वाराच्या पायांच्या लांबीवर. ५० इंच व्यासाचे चाक असेल तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे १५७ इंच, म्हणजे जवळपास चार मीटर पुढे जाई. गणिताच्या तासाला करून पाहण्याजोगा हिशोब आहे.

या उंच सायकली बनवणारे कारखाने तेव्हा इंग्लंडभर निघाले होते. प्रत्येक जण आपलीच सायकल सर्वांत उत्तम म्हणणार. घेणाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा? स्टर्मी मास्तरांनी शिक्षकाला शोभेल असे काम केले. निरनिराळ्या कारखानदारांच्या सायकलींची माहिती गोळा केली, त्यांचे भाग, त्यांची रचना यांची नोंद केली आणि ती सगळी एका पुस्तकात मांडली. ‘द इन्डिस्पेन्सिबल बायसिकलिस्ट्स हँडबुक’ हे त्या पुस्तकाचे नाव. १८७०च्या दशकाच्या अखेरीस ते निघाले आणि पुढे त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघत राहिल्या. वस्तू घेण्यापूर्वी चार वस्तू शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, ही सवय त्या पुस्तकाने सायकलवाल्यांना लावली. स्वतः स्टर्मींना तर ती जन्मभर पुरली.

पुस्तकाचे प्रकाशक इलिफ हे कॉव्हेन्ट्री शहरातले. त्यांनी १८७९ साली ‘द सायक्लिस्ट’ नावाचे साप्ताहिक काढले आणि स्टर्मी शाळा सोडून त्याच्या संपादनासाठी कॉव्हेन्ट्रीला आले. बावीस वर्षांचे वय. शिक्षकाची नोकरी सोडून सायकलीच्या पत्रात जाणाऱ्या मुलाला त्यांच्या घरच्यांनी काय सुनावले असेल, याचा अंदाज आमच्या पालकांना सहज करता येईल! पण गाव अगदी योग्य निवडले गेले होते. शिवणयंत्रे बनवणाऱ्या कॉव्हेन्ट्रीच्या कारागिरांनी सायकली करायला घेतल्या होत्या आणि १८८५ साली याच गावात जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. दोन सारखी चाके, मध्ये पेडल, मागच्या चाकाकडे जाणारी चेन. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच. तीन वर्षांनी, १८८८मध्ये, डनलॉप यांची हवेची धाव आली.

चेन आल्यामुळे चाकाचा आकार आणि वेग यांची गाठ सुटली. पुढे ४६ दाते, मागे १८ दाते असतील तर पेडलच्या एका फेरीत चाक अडीच फेऱ्यांहून थोडे जास्त फिरते. पण हे प्रमाण एकदा बसवले की बसवले. सपाट रस्त्यावर जे बरे वाटते तेच चढावावर छातीत धाप भरवते आणि उतारावर पाय नुसते भिरभिरतात. म्हणून दोन वेगांचे गिअर करून पाहण्याची खटपट अनेकांनी चालवली होती. संपादक या नात्याने स्टर्मींच्या टेबलावर असल्या युक्त्या येतच असत. कोणती टिकेल आणि कोणती महिन्याभरात मोडेल, हे पाहण्याची त्यांची नजर अशा वीस वर्षांत तयार झाली.

मधल्या काळात हे गृहस्थ मोटारीकडेही वळले. नोव्हेंबर १८९५मध्ये ‘द ऑटोकार’ हे साप्ताहिक निघाले, त्याचे ते पहिले संपादक. डेमलर मोटार कंपनीच्या संचालक मंडळावरही ते होते, काही काळ अध्यक्ष होते. ऑक्टोबर १८९७मध्ये त्यांनी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या जॉन ओ’ग्रोट्सपासून इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या लँड्स एंडपर्यंत नऊशेहून अधिक मैल डेमलर मोटार नेली. मोटार अजून लोकांना तमाशा वाटत होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. आमचे मत विचाराल तर एकाच माणसाने मोटारींचे पत्र चालवावे आणि मोटार कंपनीतही बसावे, हे काही ठीक नव्हते. कंपनीतही पुढे कटकटी झाल्याच आणि १८९९मध्ये ते तिथून बाहेर पडले. चाळिशी उलटली होती. त्यानंतर ते पुन्हा सायकलीकडे, आणि थेट हबच्या आतच, शिरले.

हबमधल्या गिअरची युक्ती समजायला भूगोलाचे पुस्तक आठवावे. मधोमध एक दातेरी चाक, ते आसाला पक्के, फिरत नाही. त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारी लहान चाके म्हणजे ग्रह. ग्रहांच्या बाहेरून, आतल्या अंगाला दाते असलेले मोठे कडे. ग्रह एका चौकटीत बसवलेले असतात. चेनने चौकट फिरवली आणि कड्याने हब फिरवला तर वेग वाढतो. चेनने कडे फिरवले आणि चौकटीने हब फिरवला तर वेग कमी होतो पण जोर वाढतो. कड्यानेच थेट हब फिरवला तर जसेच्या तसे. एका तारेने आतली एक कळ सरकवायची, एवढेच. पुढे १९३६ साली आलेल्या त्यांच्या सर्वांत नावाजलेल्या ‘ए डब्ल्यू’ हबमध्ये सूर्याला २० दाते आणि कड्याला ६० दाते असतात. म्हणून चौकटीच्या एका फेरीत कडे १ अधिक ६० भागिले २०चा उलटा, म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या घेते. उलट बाजूने तेच प्रमाण पाऊण होते. दहावीच्या मुलांनी हे कागदावर काढून पाहावे. ग्रहाचे दाते उत्तरात येतच नाहीत, याचे त्यांना नवल वाटेल.

१९०१ साली स्टर्मींनी तीन वेगांच्या हबचे पेटंट मागितले. त्याच सुमारास सॅलफर्ड गावात विल्यम रायली नावाचे एक इंजिनिअर अशाच कामात होते. दोन वेगांचा ‘द हब’ नावाचा गिअर त्यांनी आधीच तयार केला होता आणि तो चांगला चाललाही होता. पण त्या कंपनीशी झालेल्या कराराने त्यांचे हात बांधले गेले होते. गिअरचा नवा शोध स्वतःच्या नावावर घेण्याची सोय उरली नव्हती. म्हणून त्यांच्या तीन वेगांच्या हबचे पेटंट त्यांचे सहकारी जेम्स आर्चर यांच्या नावाने घेतले गेले.

नॉटिंगहॅमच्या रॅले सायकल कंपनीचे मालक फ्रँक बोडेन यांनी दोन्ही पेटंटे मिळवली, १९०२मध्ये त्यासाठी वेगळी मंडळी उभी केली आणि लवकरच ‘स्टर्मी-आर्चर’ हा तीन वेगांचा हब विक्रीला आला. बाजारात आलेल्या हबची रचना मुख्यतः रायली यांची होती. स्टर्मी यांचे नाव सायकलच्या जगात घरोघरी ठाऊक, त्यामुळे ते पुढे. पेटंटच्या कागदावर आर्चर, म्हणून ते मागे. आणि ज्याने डोके चालवले त्याचे नाव कुठेच नाही. टोनी हॅडलंड यांनी १९८७च्या आपल्या पुस्तकात हा सगळा इतिहास मांडला. तोवर सर्वसाधारण सायकलस्वाराला रायली हे नाव माहीतही नव्हते.

स्टर्मी यांनी लबाडी केली असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचे पेटंट खरे होते, त्यांची मेहनत खरी होती, आणि नाव ठेवण्याचा निर्णय व्यापाऱ्याचा होता. तरी हे लिहिताना आमचे मन थोडे अडखळले. आम्ही ज्यांचे चरित्र मुलांपुढे ठेवतो आहोत, त्यांची कीर्ती ज्या वस्तूवर उभी आहे, ती वस्तू बरीचशी दुसऱ्याची आहे. चरित्र लिहायचेच तर हेही त्यात आलेच पाहिजे. विज्ञान प्रदर्शनात तक्त्याच्या कोपऱ्यात कोणाकोणाची नावे लिहायची, यावर दरवर्षी मुलांत रुसवेफुगवे होतात. परीक्षकांना कंटाळा येतो, आम्हाला येत नाही.

हबच्या गिअरमध्ये इतर देशही मागे नव्हते. जर्मनीत श्वाइनफुर्टच्या फिक्टेल उंड झाक्स कंपनीने १९०३ साली ‘टॉर्पेडो’ हब आणला. पेडल उलटे दाबले की ब्रेक लागणारा हा हब. पुढच्याच वर्षी त्यांचा दोन वेगांचाही आला. फ्रान्समध्ये ओढा चेन सरकवणाऱ्या गिअरकडे राहिला, पण तिथल्या प्रसिद्ध टूर द फ्रान्स शर्यतीत त्याला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडले.

पालक विचारतात, मुलाला कोणती सायकल घ्यावी? हेन्री स्टर्मींच्या पद्धतीने शेजारी शेजारी ठेवून पाहू. सर्वांत हलक्या गिअरला १०० धरले तर ‘ए डब्ल्यू’चा सर्वांत जड गिअर सुमारे १७८ येतो. शिमानोच्या आठ वेगांच्या नेक्सस हबमध्ये तो सुमारे ३०७, अकरा वेगांच्या अल्फिनमध्ये ४०९, आणि १९९८ साली जर्मनीत निघालेल्या रोलॉफच्या चौदा वेगांच्या हबमध्ये ५२६. वेग वाढले तशी आतली चाकेही वाढतात, वजन वाढते आणि किंमत तर फारच. चेन सरकवणारा गिअर त्या मानाने हलका, स्वस्त, कोणत्याही दुकानात दुरुस्त होणारा, आणि नीट पुसून-तेल घालून ठेवला तर ताकदही कमी खातो. मात्र तो चालत्या सायकलीवरच बदलावा लागतो. हबचा गिअर सिग्नलवर उभे राहूनही बदलता येतो, चेनला पूर्ण झाकण बसवता येते, ओढणी किंवा पँट अडकत नाही. रोजच्या शाळेच्या, बाजाराच्या फेरीला तीन वेग पुष्कळ झाले. डोंगर चढायचा असेल तर नाही.

दोष त्यातही आहेत. मागचे चाक पंक्चर झाले तर काढण्याआधी गिअरची तार सोडवावी लागते. जुन्या तीन वेगांच्या हबमध्ये तार सैल पडली तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक पोकळ जागा सापडते. पेडल एकदम मोकळे फिरते आणि उभा राहून टांगा मारणारा स्वार तोंडावर येतो. तार दोन मिनिटांत ताणता येते, पण ती ताणायची असते हेच पुष्कळांना माहीत नसते.

स्टर्मी शांत बसणारे नव्हते. हबनंतरही त्यांनी कॉव्हेन्ट्रीत अमेरिकन ड्युरिया मोटारी बनवण्याचा उद्योग केला, पुढे ‘लोटिस’ नावाच्या मोटारी काढल्या. त्यातून मोठी कंपनी काही उभी राहिली नाही. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, १९२१मध्ये, ते परत हबकडे आले आणि पाच वेगांच्या हबची रचना घेऊन उभे राहिले. ज्या कंपनीवर त्यांचे नाव होते, तिने तो हब काढला नाही. ८ जानेवारी १९३० रोजी स्टर्मी वारले. स्टर्मी-आर्चर कंपनीचा पाच वेगांचा हब बाजारात आला तो १९६६ साली.

पुढे २००० साली हा व्यवसाय तैवानच्या सनरेस कंपनीकडे गेला. नाव तेच राहिले. आपल्याकडे रॅले हे नाव आजोबांच्या पिढीला चांगले ठाऊक. आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातून त्या नावाच्या सायकली देशभर जात. मात्र आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक काळ्या सायकली बिनगिअरच्याच होत्या. कोणाच्या घरी माळ्यावर जुनी विलायती सायकल पडून असेल, तर मागच्या हबवरची धूळ पुसून पाहावी. ‘ए डब्ल्यू’ ही अक्षरे आणि शेजारी दोन अंक दिसले तर ते अंक म्हणजे हब बनल्याचे वर्ष. असा हब सापडल्यास प्रयोगशाळेसाठी आठ दिवस उसना द्यावा, ही विनंती. मुले तो उघडतील, सूर्याचे आणि कड्याचे दाते मोजतील, आणि पालकांसमक्ष पुन्हा जोडून परत देतील.