मुरंबेवाले सर विल्यम हार्टले

इंग्लंडांतील कोल्न गांवीं १८४६ सालीं जन्मलेले हार्टले हे मूळचे किराणा मालाचे व्यापारी. १८७१ सालीं मुरंबा पुरविणाऱ्यानें ऐन वेळीं दगा दिला, तेव्हां त्यांनीं स्वतःच मुरंबा करून मातीच्या बरण्यांतून विकला. तो लोकांस फार आवडला. १८७४ सालीं धंदा बूटल येथें नेल्यावर नारिंगांचा, सालींसह शिजविलेला कडवटगोड मार्मालेडही तेथें होऊं लागला. पुढें १८८६ सालीं लिव्हरपूलजवळ एन्ट्री येथें मोठा कारखाना निघाला.

पण बालमित्रहो, मुरंबा गोड करणारे पुष्कळ! हार्टले यांनीं नफ्याचा वांटा कामकऱ्यांस दिला, त्यांच्यासाठीं कारखान्याशेजारीं घरें बांधलीं. १८७७ सालीं मिळकतीचा ठराविक भाग धर्मादाय काढण्याचा नेम त्यांनीं केला. आणि संपत्ति वाढली तसा तो भागही वाढविला, हें विशेष. १९२२ सालीं ते निवर्तले.